चार मार्कांचा बाप

गेल्या महिन्यात आमच्या घरी एक मार्क आला. चारपैकी एक. लेक बारावीला आहे, सायन्सला, आणि सहामाहीत इंग्रजीच्या पेपरात कवितेच्या रसग्रहणाला तिला हा एक मार्क पडला. त्याच कवितेला समोरच्या फ्लॅटमधल्या तिच्या मैत्रिणीला चारपैकी चार. लगेच चौकशी बसली. आमच्या घरच्या समितीने (बायको, आई आणि बी विंगमधल्या एक काकू) दहा मिनिटांत अहवाल दिला: पोरीने उत्तर स्वतःच्या मनाने लिहिलं आणि तसं लिहायची फूस तिला बापाने दिली.

आरोप मान्य. पण निदान तुमच्या घरी तरी असा प्रकार घडू नये, म्हणून दोन शब्द सांगतो. ज्यांचं पोर यंदा बोर्डाला आहे आणि इंग्रजीत नव्वदच्या खाली गेलं तर ज्यांना सोसायटीच्या लिफ्टमध्ये मान खाली घालून उभं राहावं लागणार आहे, त्यांनी हे कापून फ्रिजला लावावं.

पहिलं काम म्हणजे युवकभारती, म्हणजे बारावीचं इंग्रजीचं पुस्तक, पोरांच्या नजरेला पडेल असं ठेवू नका. पुस्तक वाईट नाही, अडचण तीच आहे. आर. के. नारायणांचा रस्त्यावर दुकान मांडून बसलेला ज्योतिषी त्यात आहे. थंडीच्या दिवसांत तुरुंगाचा आसरा मिळावा म्हणून धडपडणारा ओ. हेन्रीचा बेघर माणूस आहे. नव्या ड्रेसपायी पार्टीत कानकोंडी झालेली व्हर्जिनिया वुल्फची बाई आहे. अशा गोष्टी हाताला लागल्या की पोरं वाचत सुटतात, आणि वर विचारतात, पुढे त्याचं काय झालं असेल हो बाबा? याला कुठे मार्क आहेत?

गाईड आणा. दोन आणा, एक घरी आणि एक क्लासच्या बॅगेत. कृतिपत्रिकेत, म्हणजे हल्लीच्या प्रश्नपत्रिकेत, ‘पर्सनल रिस्पॉन्स’ नावाचा एक दोन मार्कांचा प्रकार असतो. म्हणजे बाळा, तुला स्वतःला काय वाटतं? भोळ्या पालकांची समजूत असते की याचं उत्तर पोराच्या डोक्यात असेल. नसतं. ते गाईडात छापलेलं असतं. राज्यात दरवर्षी १४-१५ लाख मुलं बारावीला बसतात, आणि त्यांना प्रवास का आवडतो म्हणाल, तर ‘इट ब्रॉडन्स अवर होरायझन’. ज्या पोराने आजवर कर्जतच्या पुढचं स्टेशन बघितलेलं नाही त्याचंही होरायझन ब्रॉडन झालेलं असतं. एवढ्या मुलांचं वैयक्तिक मत एकच निघावं, असली एकी आपल्यात छत्रपतींनंतर दिसली नव्हती.

लेखनकौशल्याला घाबरू नका. ग्रुप डिस्कशन एकट्याने करायचं असतं, तोंड मिटून, शेजारी न बघता. बघितलंत तर कॉपी केस. मुलाखतीत फक्त प्रश्न लिहायचे असतात, उत्तर ऐकायची भानगड नाही. आठ प्रश्न पाठ करून ठेवले की आयुष्यभर पुरतात: प्रेरणा कुणाकडून मिळाली, अपयश आलं तेव्हा काय केलंत, तरुणांना काय संदेश द्याल. समोर क्रिकेटपटू येवो, कलेक्टर येवो की सेंद्रिय शेती करणारा शेतकरी, तेच आठ. (ही पोरं पुढे न्यूज चॅनलला लागत असावीत.) आणि ब्लॉग. तो पेनाने लिहायचा असतो. आमच्या लेकीला क्लासमध्ये शिकवलंय की वर होम, अबाऊट, कॉन्टॅक्ट अशी बटणं पट्टीने आखायची. दाबून बघू नयेत.

अक्षर गोल असावं.

कॉलेजात इंग्रजीच्या तासाला मात्र पाठवू नका. हिशेब सोपा आहे. जेईईत इंग्रजी नाही, नीटमध्ये नाही, इंजिनीअरिंगच्या सीईटीत नाही. जिथे नाही तिथे वेळ घालवायला आपलं पोर काय रिकामटेकडं आहे? क्लास आणि कॉलेज यांचं साटंलोटं मोडावं म्हणून सरकारने २०१८ साली सायन्सच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली होती. चांगली गोष्ट झाली. तेव्हापासून निदान अंगठे तरी नियमित कॉलेजात यायला लागले. इंग्रजीच्या मॅडम रोज सकाळी आठ दहाला पहिल्या बाकावरच्या सहा जणांना कविता शिकवतात, त्यातले दोघं पावसामुळे आडोशाला आलेले आर्ट्सचे असतात.

तोंडी परीक्षेचं टेन्शन तर मुळीच घेऊ नका. वीस मार्क कॉलेजच्या हातात आहेत, म्हणजे देवाच्याच हातात आहेत. हे वीस मार्क किती थोर आहेत हे बघायचं असेल तर दहावीचे निकाल आठवा. २०१८ साली राज्याचा निकाल ८९.४१ टक्के. पुढच्या वर्षी अभ्यासक्रम नवा आला, आणि भाषांच्या तोंडी परीक्षेचे २० गुण काढून टाकले. निकाल आला ७७.१० टक्के. काय ती रडारड! काय ती निवेदनं! अकरावीला राज्य बोर्डाची पोरं मागे पडणार म्हणून आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मराठी अस्मिता जागी झाली, ती दोन दिवस झोपलीच नाही. मग ते २० गुण परत आणले, आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के. एका वर्षात अख्खा महाराष्ट्र घडाघडा बोलायला लागला. इतक्या वेगाने तर आपल्याकडे साधा उड्डाणपूलही होत नाही.

काही वेळा नशीब इतकं जोरावर असतं की प्रश्नच नसतात. २१ फेब्रुवारी २०२३, बारावीचा पहिला पेपर, इंग्रजी. कवितेच्या विभागात काही प्रश्नांच्या जागी तपासणाऱ्यांसाठीच्या सूचना आणि नमुना उत्तर छापून आलं. पोरं बिचारी वर-खाली बघत बसली. मंडळाने पुढे त्याचे ६ गुण द्यायचं ठरवलं. काहींनी याला गोंधळ म्हटलं. मला तर तो दिवस ऐतिहासिक वाटतो. आपण वर्षभर जे पडद्याआड करतो ते त्या दिवशी उघड्यावर आलं, उत्तर आधीच छापलेलं होतं, मधली मुलं तेवढी अडचण होती.

असो. आता रसग्रहणाकडे येतो.

चार मार्क, त्यांचे चार मुद्दे: कवी आणि शीर्षक, आशय, शैली आणि अलंकार, आणि शेवटी संदेश किंवा तुमचं मत. मुद्द्याला एक मार्क. भेळवाल्याचं कसं ठरलेलं असतं, चिरमुरे, शेव, कांदा, वरून चटणी, तसंच. आमच्या लेकीला आलेली कविता होती ‘फादर रिटर्निंग होम’. दिलीप चित्र्यांची. चित्रे म्हणजे तुकोबांना इंग्रजीत घेऊन गेलेला माणूस, आपला माणूस. कवितेत एक बाप रात्रीच्या गाडीने घरी निघालाय. उभा आहे, आजूबाजूला न बोलणारी माणसं. बाहेरून उपनगरं सरकतायत, त्याचं लक्ष नाही. कपडे भिजलेत, रेनकोटला चिखल लागलाय, पुस्तकांनी फुगलेली पिशवी उसवत आलीय. घरी येतो, पांचट चहा पितो, शिळी चपाती खातो. मुलं त्याच्याशी बोलत नाहीत. संपली कविता.

ही कविता डोंबिवलीत शिकवायची म्हणजे काय शिकवायची हो? त्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त पोरांचा बाप रोज त्या गाडीत उभा असतो! मी असतो! फोर्टातून निघायचं, सीएसएमटीला बदलापूर लोकल पकडायची, पकडायची म्हणजे लटकायची, मुंब्र्याला खाडीचा वारा लागला की हायसं वाटायचं आणि दिव्याला चढणाऱ्यांची कोपरं बरगडीत घ्यायची. वर्गातल्या एकाही पोराला या कवितेतला एकही शब्द समजावून सांगायची गरज नाही. फक्त एक प्रश्न विचारायचा, रात्री तुमच्या घराची बेल किती वाजता वाजते? आणि गप्प बसायचं. पुढचा तास पोरंच घेतील.

गाईड काय सांगतं? थीम: एलिएनेशन ऑफ मॉडर्न मॅन. टोन: मेलन्कॉलिक. फ्री व्हर्स. कवीने बापाला लांब वाक्यातून गळून पडलेल्या शब्दाची उपमा दिलीय, ती वाचून मला स्टेशनवरून घरी येताना रिक्षाच्या रांगेत धड श्वास घेता आला नाही, तिच्यापुढे गाईडात लिहिलंय: सिमिली, कारण ‘लाईक’ हा शब्द आला आहे. आणि खाली संदेश: वी शुड रिस्पेक्ट अवर एल्डर्स.

सप्टेंबरातली गोष्ट. मी साडेनऊला घरात शिरलो, कोट निथळतोय, बूट हातात. लेक हॉलमध्ये सोफ्यावर पाय घेऊन बसलेली, मान डोलावत ‘एलिएनेशन, एलिएनेशन’ असं घोकत होती. दाराचा आवाज आला तरी मान वर नाही, पाणी लागू नये म्हणून पुस्तक तेवढं सरकवलं. मी म्हटलं, काय पाठ करतेस? बघू. आणि तिथेच उभ्या उभ्या ती कविता वाचली. दोनदा वाचली. मग तिला विचारलं, हा माणूस कोण आहे गं?

ती म्हणाली, पोएट्स फादर.

मी काही बोललो नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, रेनकोटकडे पाहिलं, खाली फरशीवर साचलेल्या पाण्याकडे पाहिलं. आधी हसली. मग हसायची थांबली. उठून चहा ठेवला तिने. दोन वर्षांत पहिल्यांदा.

एवढीच माझी फूस.

परीक्षेत तिने चारातले दोन मुद्दे गाळले आणि तिसऱ्या-चौथ्याच्या जागी लिहिलं, की माझे बाबाही साडेनऊला येतात, मी त्यांना काही विचारत नाही, मला वाटायचं त्यांना शांतता आवडते, पण कविता वाचल्यावर वाटलं की त्यांना कुणी विचारतच नसेल. तिच्या इंग्रजीत, तिच्या चुकांसकट. एके ठिकाणी ‘द’ राहिला होता. पानभर लाल शाई. खाली शेरा: पॉइंट्स मिसिंग, पर्सनल मॅटर नॉट रिक्वायर्ड.

अरे, मुद्दा क्रमांक चार काय आहे? तुमचं मत! तुम्हीच विचारता ना, तुझं मत काय? पोरीने मत सांगितलं तर म्हणता खाजगी बाबी नकोत? मग मागता कशाला? सरळ लिहा ना प्रश्नात, की गाईडातलं मत उतरवून काढा, एक मार्क. निदान प्रामाणिक तरी व्हा!

गेलो मी कॉलेजात. शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो. भांडायच्या तयारीने गेलो होतो. मॅडम स्टाफरूममध्ये गठ्ठ्यामागे बसलेल्या, एका तुकडीत १२० मुलं, अशा तीन तुकड्या. मी नाव सांगितल्यावर त्यांना ते उत्तर लगेच आठवलं. म्हणाल्या, ‘हो हो, ते ना! मला फार आवडलं हो. मी घरी मिस्टरांना वाचून दाखवलं.’

मी म्हटलं, ‘मग एक मार्क?’

‘अहो, बोर्डाचा पेपर माझे मिस्टर तपासणार आहेत का? तिथे माणूस गठ्ठ्यापुढे बसलेला असतो, मुद्दा दिसला की टिक करतो, पुढे जातो. वर ते पुन्हा तपासायला मॉडरेटर असतोच. आत्ता मी कौतुकाने चार दिले तर फेब्रुवारीत तिचे तीन जातील, आणि तुम्हीच येऊन मला विचाराल. तिला असं लिहायची सवय लागायला नको.’

सवय लागायला नको. दारूची नाही, सिगारेटची नाही. स्वतःला जे वाटलं ते लिहायची.

आणि काय सांगू, त्या बाईंवर मला रागावताही आलं नाही. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली मागच्या पाच वर्षांच्या निकालाची टक्केवारी विषयवार लावून ठेवलेली, इंग्रजीच्या आकड्याभोवती कुणीतरी लाल गोल केलेला. त्या स्वतः एम. ए.ला कविता शिकल्या असणार, कुणाला तरी कधीतरी एखादी ओळ वाचून दाखवताना त्यांचाही आवाज कापला असेल. आता त्या ३६० पोरांना सांगतात की टोन, थीम, डिव्हाइस, मेसेज एवढं अंडरलाइन करा म्हणजे तपासणाऱ्याला शोधावं लागत नाही. कवितेतली कविता कुणालाच सापडू नये, मुद्दे तेवढे सापडावेत, म्हणून एक शिकलेली बाई आयुष्य घालवतेय.

गंमत अशी की याच पुस्तकात शेवटी कादंबऱ्यांचे उतारे आहेत, त्यात ब्रेथवेट यांच्या ‘टू सर, विथ लव्ह’मधला एक आहे. लंडनच्या ईस्ट एंडमधली शाळा, गरीब वस्तीतली उर्मट पोरं. त्या शाळेत दर आठवड्याला पोरांना एक काम असतं: आठवडाभरात शाळेत जे झालं त्यावर स्वतःच्या शब्दांत लिहायचं, पटलं नसेल तर तेही लिहायचं, शिक्षकांवर टीका केली तरी चालेल, त्याबद्दल कुणाला शिक्षा नाही. हे आपणच आपल्या पुस्तकात छापलंय! छापून पोरांना त्यावर काय करायला सांगतो, तर पात्राचं स्वभावचित्र रंगवा, चार गुण. तेही गाईडात आहे.

पुढचा सल्ला असा की... जाऊ दे. मला हे उपरोधाचं सोंग आता जमत नाहीये.

तुम्हाला लाज वाटते का, एवढंच सांगा. मंडळाला विचारत नाही, त्यांच्याकडे दर वर्षी लाखोंचे गठ्ठे येतात, त्यांना मोजता येईल तेवढंच दिसणार. क्लासवाल्यांना विचारत नाही, त्यांचं दुकान आहे. मी तुम्हाला विचारतोय, तुम्हा आई-बापांना. पेपर हातात आल्यावर तुम्ही पोराने काय लिहिलंय ते कधी वाचता का? वाचत नाही. बेरीज तपासता. अर्धा मार्क कुठे कापला ते शोधता, आणि पीटीएत मॅडमच्या अंगावर जाता. एका तरी पालकाने कधी विचारलंय का, की मॅडम, तुम्ही यांना कविता वाचून दाखवता का? नाही विचारलं. विचारलं ते, पोर्शन कधी संपणार? प्रिलिमला रिपीट होतं का? मागच्या वर्षीच्या टॉपरच्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मिळेल का?

आणि मग हेच पोर बावीस वर्षांचं झालं की तुम्ही म्हणता, हल्लीची मुलं बोलतच नाहीत हो. इंग्रजीत एवढे मार्क, पण चार लोकांत तोंड उघडत नाही. कसं उघडेल? दहा वर्षं तुम्ही त्याला शिकवलंत की तुझ्या डोक्यात जे येतं ते चूक असतं, बरोबर असतं ते दुसऱ्याने छापलेलं. आमच्या ऑफिसात मागच्या वर्षी एक मुलगा मुलाखतीला आला होता, अंबरनाथचा, इंग्रजीत ८८. साहेबांनी त्याला मोकळं करावं म्हणून सहज विचारलं, रोजच्या या ट्रेनच्या प्रवासाबद्दल काही सांग. तो गडबडला, दोन मिनिटं छताकडे बघितलं, आणि विचारतो, ‘सर, इन हाऊ मेनी वर्ड्स?’ आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. नालायकपणा केला. त्या पोराने काही विनोद केला नव्हता.

मी तरी कोण मोठा लागून गेलोय? गाईडाचे पैसे मीच दिले. सीईटीच्या बॅचला इंग्रजीच्या तासाची वेळ आडवी येते म्हणून कॉलेजात अर्ज लिहून देणारा मीच. स्टाफरूममधून बाहेर पडलो तेव्हा ठरवलं होतं, घरी जाऊन पोरीला सांगायचं, तुझं उत्तर बरोबर आहे, असंच लिहीत जा. घरी गेलो. ती अभ्यासाला बसली होती. मी म्हटलं, ‘मॅडम म्हणाल्या, मुद्दे लिही.’

काल सराव परीक्षेचे पेपर मिळाले. तीच कविता, चारपैकी चार. मी सगळं वाचून काढलं. एलिएनेशन आहे, मेलन्कॉलिक आहे, सिमिलीच्या खाली पट्टीने रेघ आहे, शेवटी ‘वी शुड रिस्पेक्ट अवर एल्डर्स’. कुठेही ‘द’ राहिलेला नाही.

बायकोने पेढे आणले. काकूंनाही पाठवले.